चंद्रीच्या आधी

गवळी गल्ली, कोल्हापूर
१२ जून २०२५

वहिनी,

फोन उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंयस. दादाला केलंस ते मी समजू शकते, पण मी तुझं काय घोडं मारलंय? म्हणून हे पोस्टानं. पाकिटावर तुझ्या माहेरचा, हुपरीचा पत्ता बघून पोस्टातली बाई म्हणाली, एवढ्या जवळ पत्र? तासाभरात एसटीनं जाऊन याल की. मी म्हटलं, पोचते, पण दार उघडत नाहीत. तिनं तिकीट लावून दिलं. फाडायचं असेल तर वाचून फाड, एवढंच म्हणते.

मी सध्या घरीच आहे. कॉलेजनं आता आम्हाला संशोधनाला बाहेर सोडलंय. माझा विषय साथरोगशास्त्र, जनावरांचं. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, म्हंजे तू सुई टोचणार न्हाईस? मी म्हटलं, टोचणार, पण बरं करायला नाही, मोजायला. त्यांचं तोंडच उतरलं. पोरगी डॉक्टर झाली म्हणून कट्ट्यावर पेढे वाटलेला माणूस तो, आता त्यांना लोकांना काय सांगावं तेच कळत नाही. साधा डॉक्टर एका म्हशीकडं बघतो, आम्ही सगळी गल्ली एका नजरेत घ्यायची. कुठल्या गोठ्यात आहे, कुठल्यात नाही, आधी कुठं होतं, मग कुठं गेलं. पहिला धडाच असा की आजारी कुणाला म्हणायचं ते आधी ठरवायचं आणि मग मोजायला बसायचं. मुजावर मॅडम माझ्या गाईड. त्या म्हणतात, उलटं केलंस तर मनात होतं तेच उत्तर येतं. आपल्या घराला हा धडा कुणी शिकवला असता तर बरं झालं असतं.

रोग आहे गर्भपाताचा. ब्रुसेल्ला म्हणतात त्याला. म्हैस वरनं धडधाकट, वैरण खाते, दूध देते आणि दिवस भरायच्या आधी गाभडते. कोल्हापुरात लोक कट्ट्यावर म्हशीची धार सरळ पेल्यात घेऊन पितात, फेसासकट, न तापवता. म्हणून मॅडमना इथलेच गोठे हवे होते. शहरातल्या सगळ्या गोठ्यांची नावं कॉम्प्युटरला घातली आणि त्यानं चिठ्ठ्या काढल्यासारखे थोडे निवडले. त्यात निघालं कुणाचं नाव? आप्पांचं. मी मॅडमना म्हटलं, हा एक वगळूया, घरचा आहे. त्या म्हणाल्या, नावडती चिठ्ठी परत टाकायची होती तर चिठ्ठ्या टाकल्यास कशाला?

तर आपल्या सगळ्या म्हशींचं रक्त मी घेतलं. तुझी चंद्री तेवढी शहाण्यासारखी उभी राहिली. ती अजून दादाच्या हाताला पान्हवत नाही, पेंडीचं आमोण पुढ्यात ठेवून तासभर खुशामत करावी लागते. मला मनातनं बरं वाटतं ते बघून.

बाकी घरी ठीक. ठीक नाही खरं तर, पण ते आज लिहीत नाही.

तुझी
मोना

(तुला तू म्हणते म्हणून आईनं परवा परत टोकलं. तूच म्हणाली होतीस, आपण एका वयाच्या, मला अहो-जाहो करू नकोस. ते अजून चालू आहे असं धरते.)

कोल्हापूर
४ जुलै

वहिनी,

उत्तर नाही. बरं. माझी चिकाटी तुला माहीत आहे.

निकाल आले. आपल्या गोठ्यातल्या निम्म्याहून जास्त म्हशींना आहे. चंद्रीलाही. आप्पांना सांगितलं तेव्हा ते धार काढत होते. हात थांबवला नाही, वर बघितलं नाही, फक्त म्हणाले, गल्लीत बोललीस तर पाय मोडीन. पंचवीस वर्षांची पोरगी, एवढं शिकलेली, आणि पाय मोडणार. मीही म्हटलं, मोडा, खुर्चीवर बसून मोजीन. त्या दिवसापासनं ते माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला बसले की आईला सांगतात, हिला म्हणावं मीठ दे.

आता मुद्द्याचं. हा रोग माणसाला होतो.

कच्च्या दुधातनं होतो आणि त्याहून जास्त म्हैस गाभडल्यावर जे पडतं त्याला हात लावला की होतो. आपल्याकडं हात कुणी लावला? वार अडकली की दादा बाहेर जाऊन विडी ओढायचा आणि आई तुला हाक मारायची, तुझा हात बारीक म्हणून. मेलेलं रेडकू पोत्यात घालून परड्यात पुरायला तूच. हातमोजे कुठले आणि काय कुठले, साबणसुद्धा आई मोजून द्यायची.

रोज संध्याकाळी तुला ताप भरायचा. सकाळी उतरायचा. उशी घामानं भिजलेली असायची, कंबर धरून उठायचीस. आई म्हणायची, कामाच्या वेळंला बरा ताप येतो. तोच हा ताप असणार. आणि पोटातलं राहिलं नाही, पहिल्यांदा आणि परत दुसऱ्यांदा, त्यालाही हेच कारण असू शकतं. असू शकतं म्हणते, आहे म्हणत नाही. आमच्यात ही शिस्त आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली की लोक कावळ्याला धरतात. आमचं काम फांदी आधीच किडली होती का ते बघायचं. तू लग्न होऊन आलीस आणि गोठ्यात म्हशी गाभडायला लागल्या, तुझंही पोट दोनदा रिकामं झालं, म्हणून गल्लीनं तुला पांढऱ्या पायाची ठरवलं. कावळा तू झालीस.

रक्त तपासून घे. कुठल्याही मोठ्या दवाखान्यात जा, डॉक्टरला सांग, घरात म्हशी होत्या, गाभडत होत्या, ब्रुसेल्लाची तपासणी करा. गोळ्यांनी बरं होतं. महिना-दीड महिना नेमानं घ्याव्या लागतात, पण बरं होतं.

आणखी एक आहे. न सांगता राहवत नाही आणि सांगून तू जास्तच तुटशील. दादासाठी उचगावची मुलगी बघतायत. तुमचं अजून कागदोपत्री काही मोडलेलं नाही, तरी बघतायत. तिचाही हात बारीक आहे का ते आईनं बघितलं असेल. मी मोठा तमाशा केला. म्हटलं, त्याच म्हशी, तोच गोठा, परत एक पोरगी आणून त्यात घालणार आणि तिलाही दोन वर्षांनी हाकलणार? दादा खाली मान घालून बसला होता. त्याचं तुला माहीतच आहे, बोलायच्या वेळेला त्याच्या तोंडाला कुलूप.

मोना

कोल्हापूर
२६ जुलै

वहिनी,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली होती. आज ती लिहायला बसले होते आणि तुझ्या भावाचा, सम्राटचा फोन आला, त्यामुळं सगळंच उलटंपालटं झालंय. तरी क्रमानं लिहिते.

लपवलं ते असं. प्रत्येक गोठ्यात मी एक प्रश्न विचारते, इथं पहिल्यांदा म्हैस कधी गाभडली आणि कुठली. आपल्या गोठ्याचं उत्तर आप्पांनी दिलं (आईमार्फत, अर्थात) आणि दादानंही तेच दिलं. पहिली चंद्री. तुमचं लग्न झालं त्या पावसाळ्यात. आणि चंद्री तुझ्या बाबांनी आंदण दिलेली, हुपरीहून आलेली. म्हणजे माझ्या स्वतःच्या तक्त्यातनं निघालं काय, तर रोग तुझ्याबरोबर आला. आईला हे कळलं तर ती हळदीकुंकवाच्या वाणासारखं घरोघर वाटेल. मला झोप लागत नव्हती. शास्त्र म्हणतं आलेलं उत्तर आवडलं नाही म्हणून पुसायचं नाही. आणि मी म्हणत होते, चोर सोडून संन्याशाला सुळी देणारं हे कसलं शास्त्र.

एकच वाट होती. तुझ्या माहेरच्या गोठ्यातल्या म्हशी तपासायच्या, चंद्रीची आई तिथंच आहे ना अजून? त्या निरोगी निघाल्या तर चंद्रीला इथं येऊन लागण झाली. नाही निघाल्या तर जे आहे ते आहे. म्हणून मी सम्राटला मेसेज टाकला होता.

त्यानं फोन केला तो चांदीच्या कारखान्यातनं, पैंजणाच्या मशिनीपुढनंच, मागं नुसता खणखणाट. म्हणाला, आमच्या गोठ्याला हात लावायचा नाही. आमच्या पोरीला नावं ठेवलीत, आता जनावरांना ठेवायला येताय. मी ऐकून घेतलं. मग आवाज चढला त्याचा आणि त्याच्या तोंडातनं निघून गेलं की तिला आता असल्या भानगडीत ओढू नका, तिला चौथा सरत आलाय.

मी फोन धरून उभी. त्यानं मशीन बंद केलं. मग म्हणाला, मी काय बोललो नाही, आणि ठेवला.

मेच्या अखेरीस तू निघून गेलीस तेव्हा तुला माहीत होतं का? असेल तर का गेलीस ते मला आता कळतंय. तिसऱ्यांदा या घरात ते ऐकून घ्यायचं नव्हतं.

वहिनी, बाकी सगळं सोडते आणि सरळ बोलते. तुमच्या गोठ्याचं मला काही नको. माझा तक्ता चुलीत गेला तरी चालेल. तू उद्याच्या उद्या जा आणि रक्त तपासून घे. मागं दोन्ही वेळा पाचवा लागला आणि गेलं. आता थांबायला वेळ नाही. रोग असेल तर गरोदरपणात चालतील अशा गोळ्या आहेत, पण त्या डॉक्टरनंच ठरवायच्या, मेडिकलमधनं आणून खायच्या नाहीत. रिपोर्ट मला दाखवू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, जन्मभर ब्लॉक ठेव. फक्त जा.

घरात मी कुणाला सांगितलेलं नाही. दादालाही नाही. तू सांग म्हणालीस तरच सांगेन.

मोना

कोल्हापूर
१७ ऑगस्ट

वहिनी,

सम्राटचा मेसेज आला. दोनच ओळी. रक्तात निघालं, गोळ्या सुरू केल्या, डॉक्टर म्हणाले वेळेत आलात. मी कट्ट्यावर उभी होते, गिऱ्हाईक पेले धरून बसलेलं, आणि मला रडूच फुटलं. एक पैलवान म्हणाला, ताई, काय झालं, कोण गेलं का? मी म्हटलं, नाही, राहिलं. त्याला काय कळणार.

गोळ्यांनी मळमळेल. तरी चुकवू नकोस, बरं वाटायला लागलं की लोक सोडतात आणि तिथंच घात होतो.

आता पुढचं ऐक. हे तुला कळायलाच हवं.

मी तक्ता घेऊन मुजावर मॅडमकडं गेले. त्यांनी तो बघितला आणि विचारलं, गाभडण्याचं कुणाला विचारलंस? मी म्हटलं, गोठ्याच्या मालकांना. त्या म्हणाल्या, मालक कोण? मी म्हटलं, सगळीकडं घरचे कर्ते पुरुष. मग त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "मोना, बाळंतपणाचं बापाला विचारतेस?"

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. अगं, मी याच गल्लीत वाढले. मला माहीत नाही का? आपल्यात म्हैस गाभडली की पुरुष नावसुद्धा घेत नाहीत. गाभडलेल्या म्हशीची किंमत पडते, कट्ट्यावरचं गिऱ्हाईक तुटतं. उजाडायच्या आत बायका ते पोत्यात घालतात, पुरतात, जागेवर चुना टाकतात. पुरुष चहा पिऊन येतो तेव्हा गोठा झाडलेला असतो. तो नुसता झाकतो असं नाही, बऱ्याचदा त्याला खरंच ठाऊक नसतं. आणि मी शिकलेली बया वही घेऊन पुरुषांना विचारत फिरले, तुमच्याकडं कधी गाभडली हो?

सगळं परत केलं. त्याच गोठ्यांत गेले, पण दुपारी, पुरुष झोपलेले असताना, आणि बायकांना विचारलं. आधीच्या उत्तरांशी काही म्हणजे काही जुळेना. आपल्या गोठ्याचं विचारायला मॅडमनी मला मनाई केली, म्हणाल्या, घरचा न्याय घरच्यानं करू नये. त्यांनी दुसऱ्या मुलीला पाठवलं. आई तिला म्हणाली, चंद्रीच पहिली. पण पलीकडच्या बनाकाकूंच्या घरी त्या दिवशी मी गेले होते, त्यांच्या गोठ्यासाठी. त्यांचं झाल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, तुमच्या घरचं लिवलंस का? मी म्हटलं, ते दुसरी लिहिते. तर त्या म्हणाल्या, "तुझ्या भावाच्या हळदीच्या आधी तुमची ती बाजारातनं आणलेली म्हैस गाभडली हुती. तुझी आई आमच्यातनं कुदळ घिऊन गेलती पुरायला. मी इचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई."

हळदीच्या आधी. तेव्हा तू हुपरीला मेंदी काढत बसली होतीस आणि चंद्री तुमच्या दावणीला होती.

घरी आले. आई भाकरी थापत होती. मी दार लावलं आणि विचारलं. ती आधी बनाकाकूंवर उलटली, तिला आमचं बघवत न्हाई म्हणाली. मी तेच परत विचारलं. मग तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही. म्हणाली, लग्नाचं घर, मांडव पडलेला, अपशकुन म्हणून पावणं मागं फिरलं असतं. म्हणून पुरलं. ती म्हैस लग्न झाल्यावर विकली. मग पावसात चंद्री गाभडली तेव्हा लोकांनी विचारलं, आणि मी काय सांगू? आंदणाची हाय म्हणाले. लोकांनीच पुढं तिचं नाव घेतलं.

मी म्हटलं, आणि तू घेऊ दिलंस. ती म्हणाली, व्हय, घिऊ दिलं.

वहिनी, मला माझ्या आईचा एवढा राग कधी आला नव्हता. मी तिला नको ते बोलले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतेस ना, त्या मुठीत दोन पोरं गेली असतील, असं म्हटलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिचं अंग तापलंय. ते गुडघे, ती कंबर, संध्याकाळचा तो ताप, वय झालं वय झालं म्हणून आम्ही ज्याला हसत होतो. सुरुवात तिच्याच हातानं झाली होती. तिचंही रक्त पाठवलंय.

मोना

कोल्हापूर
१४ सप्टेंबर

वहिनी,

तुझा आवाज ऐकला. सम्राटच्या फोनवरनं पाठवलेला तो निरोप मी किती वेळा ऐकला ते विचारू नकोस.

आधी कामाचं. सम्राटनं आपणहून बोलावलं, मी तुमच्या सगळ्या म्हशींचं रक्त घेतलं. तू आतल्या खोलीत होतीस, मला माहीत होतं, तुझ्या चपला दारात होत्या. मी हाक मारली नाही. निकाल आला, सगळ्या निरोगी. चंद्रीची आईसुद्धा. आणि आपली ती विकलेली म्हैस ज्या गोठ्यात गेली तिथं आता निम्म्या जनावरांना निघालंय. म्हणजे रोग बाजारातनं आमच्याकडं आला, आमच्याकडनं चंद्रीला आणि तुला लागला. तू काही आणलं नव्हतंस. तुला दिलं ते आम्ही. हे मी मॅडमच्या सहीनिशी कागदावर लिहून तुला पाठवणार होते आणि तेवढ्यात तुझा निरोप आला.

"कागद नको मला. गल्लीनं मला नाव ठेवलं ते तोंडानं. काढायचं असंल तर तोंडानंच काढा."

बरोबर आहे तुझं. माझी पदवी आणि तक्ते या गल्लीत कोण वाचणार आहे? मी तो आवाज आईला जसाच्या तसा ऐकवला. तिच्याही रक्तात निघालं, तिच्याही गोळ्या सुरू आहेत. तुझ्या वेगळ्या, तिच्या वेगळ्या, रोग तोच. गोळ्या घेताना ती माझ्याकडं बघत नाही.

तू सम्राटकरवी होकार कळवलास म्हणून दादाला सांगितलं. आधी रोगाचं, मग हळदीआधीचं, मग तुझ्या पोटातल्याचं. तो उठला आणि गाडीची किल्ली घेतली. मी दार अडवलं. म्हटलं, बोलावल्याशिवाय जायचं नाही. दोनदा तिला दवाखान्यातनं आणलंस तेव्हा घरात तिच्यावर काय काय बोललं गेलं आणि तू विडी ओढत होतास. आता तिच्या दारात रडून तिला त्रास द्यायचा नाही. तो तिथंच खाली बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः उचगावला फोन केला आणि माझं लग्न झालेलं आहे असं सांगितलं. उशीर झाला, पण सांगितलं.

आप्पा अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण लागण झालेल्या म्हशी त्यांनी वेगळ्या बांधल्या आणि कट्ट्यावर पातेलं चढवलं, दूध तापवून देतात. जुनी गिऱ्हाइकं हसतात, म्हणतात, गणपतराव, धारोष्ण म्हणून आलो आणि चहाचा गाडा निघाला. ते ऐकून घेतात. मला वाईट वाटतं त्यांच्याकडं बघून. माझं चुकलं असं नाही वाटत, पण वाईट वाटतं.

मोना

कोल्हापूर
२३ ऑक्टोबर

वहिनी,

सातवा चालू आहे असं सम्राट म्हणाला. पाचवा गेला, सहावा गेला. मी मोठ्यानं काही बोलत नाही, पण मनातल्या मनात रोज नवस करते, साथरोगवाली असून.

काल दिवाळीचा पाडवा झाला. तुला आपला पाडवा सांगायला नको. सगळ्या गल्लीच्या म्हशी धुऊन, भादरून, शिंगं रंगवून, मोरपिसं लावून बाहेर. पोरं सायलेन्सर काढलेल्या गाड्या घेऊन पुढं, म्हशी हाकेला मागनं पळतायत. आपल्या दारात मात्र काही नाही. आजारी जनावरं गर्दीत न्यायची नाहीत असं मी सांगितलं होतं आणि आप्पांनी ऐकलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते पाडव्याला बंडी घालून कट्ट्यावर नुसते बसले होते.

लोक थांबून विचारायला लागले. काय गणपतराव, म्हशी कुठायत? आप्पा म्हणाले, बरं न्हाई जनावरांना. मग पिराजीतात्या, ते टोकाच्या गोठ्याचे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, सून गेली तरी पीडा काय गेली न्हाई वाटतं. दोघंतिघं हसले.

आई ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती, बनाकाकूंच्या म्हशींना ओवाळायला. तिनं ताट कट्ट्यावर ठेवलं. मला वाटलं आत जाईल. ती खाली रस्त्यावर उतरली.

"पीडा सुनंनं आणली न्हवती तात्या. सून यायच्या आधी आमची म्हैस गाभडली. हळदीच्या आधी. ह्या हातानं मी ते पुरलं आणि नाव तिच्यावर जाऊ दिलं. तिच्याच पोटाला ते लागलं. माझी सून चांगल्या पायाची हाय, खोट माझ्या तोंडात हाय."

तिनं आवाज खाली आणला नाही. एकानं गाडी बंद केली. पिराजीतात्या काहीतरी पुटपुटत होते, तेवढ्यात त्यांच्या मागं उभी असलेली त्यांचीच मोठी सून म्हणाली, आमची बी गाभडली हुती, औंदा दोन. तात्यांनी मागं वळून असं बघितलं तिच्याकडं. ती पदर सावरून उभी राहिली, आत गेली नाही. मग पलीकडनं आणखी कुणीतरी म्हणालं, आमची बी. आणि मग बनाकाकू. बायका बोलत होत्या आणि पुरुष एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते. एवढे महिने वही घेऊन फिरून मला जे मिळालं नव्हतं ते भर रस्त्यात कानावर पडत होतं. मी एक अक्षर लिहून घेतलं नाही.

आप्पा उठले, आत गेले. मला वाटलं चिडले. थोड्या वेळानं बघितलं तर ते गोठ्यात चंद्रीच्या शिंगाला गेरू लावत होते. मला म्हणाले, बाहेर न्हाई नेत, नटवाय काय हरकत हाय का? जुलैनंतर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. मी म्हटलं, नाही, काही हरकत नाही.

झालं ते एवढंच. गल्लीत तुझ्या नावाचं काय ते तोंडानं झालं, तुझ्या म्हणण्याप्रमाणं. यानं तू परत यावंस असं मी म्हणत नाही. मी तुझ्या जागी असते तर आले नसते.

आता आईचा निरोप. तिनं मला लिहायला सांगितलाय, तिच्या शब्दांत लिहिते. तिला हुपरीला यायचंय. म्हणते, दारात उभी राहीन, आत घेतलं न्हाई तरी चालंल, पाणी बी मागणार न्हाई, तिला एकदा डोळ्यानं बघून मागं फिरीन. दादाही येणार म्हणतो, त्याला मी गप्प केलंय. आईला मी म्हटलं, विचारते.

म्हणून विचारते. नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हण. मी तिला तेच सांगेन, एक शब्द इकडचा तिकडं न करता.

मोना